उसना कान

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, बाकी सगळीकडे तो कानसेन. हे नाव त्याला रेडिओच्या दिवसांत मिळालं. नाटकाचं रेकॉर्डिंग चालू होतं, आठ नट एका माइकभोवती उभे होते, आणि काचेपलीकडे यंत्रांवर बसलेल्या या पंचवीस वर्षांच्या पोराने रेकॉर्डिंग थांबवून सांगितलं, "डावीकडून तिसऱ्यांच्या खिशात घड्याळ आहे. ते बाहेर ठेवून या." तिसऱ्या गृहस्थांनी खिशात हात घातला, घड्याळ निघालं, आणि नायिकेचं काम करणाऱ्या बाईंनी, ज्यांना सगळे रेडिओताई म्हणत, त्यांनी जागच्या जागी त्याचं बारसं उरकलं. कोणाला तानसेन म्हणायचं यावरून लोक भांडतात, कानसेन म्हणायला कोणाची हरकत नसते. नाव चिकटलं.

पुढे रेडिओवरची नाटकं बंद झाली. मग काही वर्षं त्याने सभा-समारंभांना लाउडस्पीकर लावले. तिथे वक्ते बदलायचे, विषय बदलायचे, 'हॅलो, हॅलो' तेवढं कायम. आणि आता चोपन्नाव्या वर्षी तो एका पॉडकास्ट स्टुडिओत होता. स्टुडिओ हा शब्द भारदस्त आहे, जागा दोन खोल्यांची. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना, वरच्या मजल्यावर नाचाचा क्लास. भिंतींना फोम आणि जुन्या गोधड्या ठोकलेल्या, तरी दुपारी बारापर्यंत जमिनीतून दाढा कोरल्याचा आवाज यायचा आणि चारनंतर छतावर वीस पोरी धडाधडा उड्या मारायच्या. म्हणून जगाला जे काही शहाणपण ऐकवायचं ते बारा ते चारमध्ये उरकावं लागे. एसी गुरगुरतो म्हणून बंद, पंखा फडफडतो म्हणून बंद. पाहुणे घामाने निथळत आपल्या यशाचं रहस्य सांगायचे आणि कानसेन ते टिपून घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा कान गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, चष्म्याची दांडी इमानाने सांभाळत होता, फक्त कामावर यायचा बंद झाला. कानाच्या डॉक्टरने खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या, कागदावर घसरगुंडीसारखी रेघ काढली आणि सांगितलं, "आतली नस गेली. ती काही परत येत नाही. डावा ठणठणीत आहे, त्याला जपा." एक पोरगा वाया गेला, आता धाकट्याकडे तरी लक्ष द्या, असा त्याचा सूर होता. कानसेनने तो कागद जिन्यात उभं राहून फाडला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मालकाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. एका कानाच्या साउंडवाल्याला कोण ठेवील? पण बायकोलाही त्याने सांगितलं नाही, आणि खरी भीती तिचीच होती. बायकोचा राग त्याला परवडायचा, सव्वीस वर्षांची सवय होती. तिची दया त्याला परवडली नसती. आपला नवरा घड्याळाची टिकटिक भिंतीआडून ऐकतो, हे तिने तिच्या माहेरी इतक्या वेळा सांगितलं होतं की ते आता खोटं पाडायचं म्हणजे दोघांचीही अब्रू गेली असती. शिवाय घरात लपवणं सोपं होतं. नवरा ऐकत नाही ही तक्रार घरोघरी इतकी जुनी आहे की खरोखर ऐकू न येणारा नवरा त्या गर्दीत सहज खपून जातो.

कामातही खपलं. पॉडकास्ट म्हणजे दोन माणसं, दोन माइक आणि एकमेकांची स्तुती. त्याला एक कान खूप झाला. उरलेलं काम डोळे करत. पडद्यावर आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, डाव्या कानाची वर आणि उजव्या कानाची खाली. त्या नाचताना बघून तो सांगायचा, "उजवीकडे जरा खरखर आहे हं," आणि सगळे माना डोलावायचे. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची सोय तेवढी गेली होती.

मग एके दिवशी मालक म्हणाला, "काका."

मालक बत्तीस वर्षांचा, दाढी कोरलेली, मनाने वाईट नव्हता. ग्राहकांसमोर तो कानसेनला 'सर' म्हणायचा, आणि जादा काम गळ्यात घालायचं असलं की 'काका'. त्यामुळे कानसेन सावध झाला.

"काका, आता साधा आवाज कोणी ऐकत नाही. आपण स्पेशियल ऑडिओ करायचा. आवाज ऐकणाऱ्याच्या डोक्याभोवती फिरला पाहिजे. पुढून, मागून, वरून! हेडफोन घातला की माणूस स्वतःच्या घरात नाही, गोष्टीतल्या घरात."

कानसेनला हे नवीन नव्हतं. डावीकडून कोणी बोललं की आवाज डाव्या कानाशी केसभर आधी पोचतो आणि उजव्या कानाशी जरा उशिरा, जरा दबून. मेंदू दोन्ही कानांच्या बातम्या पडताळून बघतो आणि ठरवतो की बोलणारा अमुक कोपऱ्यात आहे. सगळी जादू त्या पडताळण्यात. त्याच्याकडे आता बातमीदार एकच उरला होता, आणि एकाच्या बातमीवर मेंदू कोपरा ठरवत नाही. सगळं जग त्याला डाव्या कानाशी रांग लावून उभं असल्यासारखं वाटायचं.

"तुम्ही ऐकलंत का असलं काही?" त्याने विचारलं.

"ऐकलं ना! अंगावर काटा आला," मालक म्हणाला आणि फोन पुढे केला. फोनला स्पीकर एकच होता, तोही खालच्या बाजूला, आणि मालक सगळं दीडपट वेगाने ऐकायचा. काटा कुठून आला कोण जाणे.

गोष्ट घरजावयाची होती. ऐकणारा तोच जावई, त्याला एकही वाक्य नाही. तो खोलीच्या मधोमध बसलेला आणि सासू, सासरे आणि मेहुणा दिवसभर त्याच्याभोवती फिरून त्याला अक्कल शिकवतात. त्यासाठी मालकाने एक डोकं मागवलं. काळ्या रबराचं, केस नाहीत, नाक नावापुरतं, पण कान अस्सल माणसासारखे आणि प्रत्येक कानाच्या भोकात एक माइक. डोकं स्टुलावर मांडलं तेव्हाच कानसेनने त्याला जावई म्हणायला सुरुवात केली. कारण ते सगळ्यांत महाग होतं, मधोमध बसायचं, स्वतः काडीचं काम करत नव्हतं, आणि त्याच्यासमोर कोणी शिंकायचं नाही असा हुकूम होता. दोन दिवसांत सगळा स्टुडिओ त्याला जावईबापू म्हणू लागला.

सासूच्या कामाला रेडिओताईंना बोलावलं. आता त्या सत्तरीच्या, हातात काठी, पण आवाजाला सुरकुती नाही. पहिल्याच दिवशी त्या अडून बसल्या.

"मागून बोलू? चाळीस वर्षं मी माइकसमोर उभी राहिले. माझा आवाज काय चोर आहे, मागच्या दाराने यायला?"

"ताई, सासू मागूनच बोलते," कानसेन म्हणाला. "समोरून बोलते ती आई."

ताईंनी काठी भिंतीला टेकवली आणि मुकाट्याने जावयाच्या मागे गेल्या. सुरुवातीची सूचनाही त्यांनीच दिली. जावयाच्या डाव्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "हा तुमचा डावा कान, जावईबापू." मग उजव्या कानाशी. "आणि हा उजवा. हेडफोन उलटा घातला असेल तर आधी सरळ करा. या घरात उलटसुलट चालायचं नाही."

रेकॉर्डिंग झालं. आता आठ भाग जुळवायचे, पावलं, दारं, भांडी त्या-त्या जागी बसवायची, आणि हे काम कानसेनचं. त्याने आधी हेडफोन सरळ घालून डावी बाजू ऐकली, मग उलटा घालून उजवी. फाडलेल्या चिठ्ठीचे दोन तुकडे वेगवेगळे वाचल्यासारखं झालं. पट्ट्यांवरून डावं-उजवं कळायचं, पण सासू मागे आहे की पुढे, हातभर लांब की मानेवर, ते पट्टी सांगेना. चार दिवस तो तसाच बसून राहिला. पाचव्या दिवशी मालकाने विचारलं, "काका, कुठवर आलंय?" इतक्या वर्षांत कामाला कानसेन पहिल्यांदा घाबरला.

रविवारी सकाळी त्याने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला आणि बायकोला हाक मारली.

"जरा बस ना. ऐकून ऐकून माझे कान शिळे झालेत. ताजे कान हवेत. आवाज कुठून येतो तेवढं बोट दाखवून सांग."

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची, अठरा वर्षं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली दुसरा ब्रेक, आणि दिवसभर, "डावीकडे. डावीकडे म्हणजे जिकडे घड्याळ बांधता तिकडे." अख्ख्या गावात डावं-उजवं तिच्याइतकं पक्कं कोणाचं नव्हतं. कानसेनने तिला आपल्या डाव्या हाताला बसवलं, म्हणजे ती काय म्हणते ते चांगल्या कानाने ऐकू येईल. आता झालं असं, की हेडफोनची वायर डाव्या वाटीतून निघायची आणि लॅपटॉप तिच्या उजव्या हाताला. वायर छातीवरून आडवी जायला लागली, हात उचलून बघितला तर त्याला अडकायला लागली. तिने शहाण्या माणसासारखा हेडफोन फिरवून घातला. वायर उजवीकडे गेली, हात मोकळा झाला. कानसेन पडद्याकडे बघत होता.

"ही बाई काहीतरीच बोलतेय," ती म्हणाली. "डावा कान म्हणते आणि येतंय उजव्या कानात."

त्याने पट्ट्या बघितल्या. पट्टी सांगत होती, आवाज डावीकडे आहे. बायको सांगत होती, उजवीकडे. स्वतःचं मत द्यायला त्याच्याकडे साधन नव्हतं, आणि सव्वीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता की बायको आणि यंत्र यांच्यात मतभेद झाला तर यंत्र चुकलेलं असतं. जावयाच्या आतल्या तारा कंपनीने उलट्या जोडल्या असणार, असं त्याने ठरवलं. त्याने आठही भागांची डावी बाजू उजवीकडे आणि उजवी डावीकडे केली.

"आता?"

"आता बरोबर," बायको म्हणाली.

मग सहा रविवार ती बसली. बोट पुढे, बोट मागे, बोट डोक्यावर. "सासरा फार जवळ आलाय, ढकल त्याला." "भांडं पडलं ते दाराबाहेर पडलं, स्वयंपाकघरात ने." पाचव्या रविवारी ती एकदम दचकून मागे वळून बघायला लागली, तेव्हा कानसेनला इतका आनंद झाला की त्याने तिचा हात धरला. कित्येक वर्षांत ते दोघं एवढा वेळ एकमेकांशेजारी बसले नव्हते. आपण हिला फसवतोय हे त्याला कळत होतं, आणि तरी रविवार यायची तो वाट बघायचा.

मालिका बाहेर पडायच्या आधी मालकाने स्टुडिओत वीस जणांना ऐकायला बोलावलं. जाहिराती देणारे होते, दोन वर्तमानपत्रवाले होते, आणि खालचा दातांचा डॉक्टर होता, म्हणजे तेवढा वेळ तो कोणाची दाढ कोरणार नाही. पहिल्या रांगेत रेडिओताई. शेवटच्या रांगेत, आग्रहाने आलेली, कानसेनची बायको. वीस हेडफोन वाटले. मालकाने चार वाक्यांत कला, तंत्र आणि स्वतःचा संघर्ष सांगितला आणि कानसेनला खूण केली.

ताईंचा आवाज सुरू झाला. हा तुमचा डावा कान, जावईबापू. एका माणसाच्या कपाळावर आठी उमटली. मग दुसऱ्याच्या. आणि हा उजवा. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. हेडफोन उलटा घातला असेल तर आधी सरळ करा, असं सासूने खडसावलं, आणि एकोणीस माणसांनी शाळेतल्या पोरांसारखे निमूट हेडफोन काढले, फिरवले आणि पुन्हा घातले.

कानसेनने खोलीभर नजर फिरवली. एकोणीस जण हेडफोनशी खटपट करत होते आणि त्यांच्यात एकटी त्याची बायको डोळे मिटून शांत बसली होती, जराही न हलता. तिची वायर उजवीकडून खाली गेली होती. त्या वायरीकडे बघताना त्याला सहाही रविवार एका दमात कळले. तारा सरळ होत्या, पट्ट्या खऱ्या होत्या, आणि दोन्ही कान असलेल्या कुठल्याही साउंडवाल्याने हे पहिल्या मिनिटात पकडलं असतं.

पहिला भाग संपला. मालक लालबुंद होऊन त्याच्याकडे निघाला. "सर, हे काय..." एवढंच म्हणतोय तोवर सगळ्यांत मोठी जाहिरात देणारे गृहस्थ खुर्चीतून उठले.

"कमाल केलीत! सासूने पहिल्याच मिनिटात आम्हाला आमचेच हेडफोन फिरवायला लावले. नीट घातलेले! म्हणजे जावयाची लायकी आधीच दाखवून दिली. कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

मालकाच्या पापण्यांची एकदाच उघडझाप झाली. "माझ्याच," तो म्हणाला.

झालं. एकदा श्रेय घेतल्यावर त्याला चौकशी करायची सोय राहिली नाही. कानसेन वाचला. वर्तमानपत्रवाले लिहून घेत होते, दातांचा डॉक्टर पुढचा भाग मागत होता. फक्त रेडिओताई काठी टेकत त्याच्या समोर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कानसेना, मी तर डाव्या कानात बोलले होते रे."

"हो ताई."

त्या आणखी काही विचारतील म्हणून तो थांबला. त्यांनी नुसतं बघितलं आणि बाहेर गेल्या. त्याला ओरडा खाल्ल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

घरी जायला बायकोने स्कूलची गाडी आणली होती. एरवी कानसेन मागच्या सीटवर बसायचा. पुढच्या सीटसमोरच्या दुसऱ्या ब्रेकवर माझा पाय पडेल, असं तो सांगायचा.

"आज पुढे बस," बायको म्हणाली.

पुढे बसलं की त्याचा उजवा कान तिच्या बाजूला यायचा. तो बसला. काही वेळ ती शिकवण्याच्या खड्या आवाजात बोलली, तेवढं त्याला डाव्या कानाने गाठता आलं.

"सगळ्यांनी फिरवला, मी नाही. का?"

"तू आधीच उलटा घातला होतास."

"सहा रविवार उलटाच घालत होते. वायर मध्ये येते म्हणून. तुझ्या नाकासमोर. तू स्वतः एकदाही ऐकलं नाहीस?"

"ऐकलं."

"मग?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. गाडी चालत राहिली. पुढच्या वळणावर तिने अचानक गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्याच्याकडे वळली.

"मी आत्ता काय म्हणाले?"

"नेहमीचंच," तो हसत म्हणाला.

"नेहमीचं नव्हतं. दोनदा म्हणाले."

तो हसायचा थांबला. थापा त्याच्याकडे अजून चार-पाच होत्या, पण एकही सांगावीशी वाटेना. "उजवा कान गेलाय," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. काहीच ऐकू येत नाही त्याने."

त्याने दयेची तयारी ठेवली होती. दया आली नाही. ती भडकली.

"दोन वर्षं! आणि मी तुला गेंडा समजत होते! सोमवारी मालकाला सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी जाऊन सांगेन. आणि डॉक्टरकडे मी येणार. कागद कुठाय?"

"फाडला."

"फाडला!" तिने स्टिअरिंगवर हात आपटला. मग तिचा आवाज खाली आला आणि त्याला मान वळवून डावा कान तिच्याकडे करावा लागला. "गेल्या वर्षी तू जेवत होतास. मी ओट्याशी उभी होते, तुझ्या उजव्या हाताला. स्कूलचे जुने मालक निवृत्त होत होते. ते म्हणाले होते, स्कूल तुम्ही चालवा. मी तुला विचारलं, घेऊ का? तू जेवत राहिलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तू मान वर केली नाहीस. मला वाटलं, याला पटत नाहीये आणि तोंडावर नाही म्हणायची हिंमत नाहीये. मी त्यांना नाही म्हणून कळवलं."

कानसेन बसल्या जागी तिच्याकडे पूर्ण वळला.

"त्यानंतर तीन महिने मी तुझ्याशी धड बोलत नव्हते," ती म्हणाली.

"तेही मला कळलं नाही," तो म्हणाला.

तिला हसू आलं, आणि ते हसू मध्येच मोडलं. तिने डोळे पुसले आणि रस्त्याकडे बघत बसली.

"आता विचार," कानसेन म्हणाला.

ती उतरली. गाडीला पुढून वळसा घालून त्याच्या डाव्या खिडकीशी आली. मागून कोणीतरी हॉर्न देत होतं, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने काच खाली केली. तिने वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि गेल्या वर्षीच्याच शब्दांत विचारलं, "स्कूल मला चालवायला देतायत. घेऊ का?"

"घे," तो म्हणाला. "डोळे मिटून घे."

"आता ते दुसऱ्याने घेतलंय," ती म्हणाली. "मी त्याच्याकडे नोकरी करते."

ती परत फिरून आपल्या जागेवर आली, पट्टा लावला, आरसा बघितला आणि गाडी रस्त्यावर घेतली. घर येईपर्यंत ती काही बोलली तर आपल्याला कळावं, म्हणून तो सगळा रस्ता तिच्या ओठांकडे बघत बसला.